लाकडी तलवारीची जरब

'द लास्ट सामुराई' (२००३) पाहिलेल्यांना त्यातला पावसाचा प्रसंग आठवत असेल. कैदेत पडलेला अमेरिकन कॅप्टन आल्ग्रेन (टॉम क्रूझ) गावातल्या पोरांचा तलवारीचा सराव बघता बघता एकाची लाकडी तलवार हातात घेतो. उजिओ नावाचा सामुराई ती खाली टाक म्हणून दरडावतो. आल्ग्रेन टाकत नाही. मग उजिओ त्याला तसल्याच लाकडी तलवारीने चिखलात लोळवतो. गडी उठतो, मार खातो, पुन्हा उठतो. प्रसंग झकास जमलाय, पण त्यात एक थाप आहे. मीटरभर लांबीची ओकची तलवार जाणत्या हाताने मनगटावर, गळपट्टीवर किंवा डोक्यावर खरोखर हाणली, तर टॉम क्रूझच काय, कुणीही तिसऱ्यांदा उठणार नाही.

जपानी मांगा, अॅनिमे, सामुराईपट, व्हिडिओ गेम यांत सरावाच्या लाकडी तलवारीला भलतीच ताकद बहाल केलेली दिसते. समोरचा पोलादी पातं उपसतो, नायक कमरेचं लाकूड काढतो आणि जिंकतो. प्रेक्षक म्हणतो, काहीही दाखवतात! त्या 'काहीही'त तथ्य किती, हे बघायला गेलं की एक मजेशीर उलटापालट हाती लागते. इतिहासातली लाकडी तलवार माणसं मारत होती. कथेत शिरल्यावर तीच तलवार 'मी मारणार नाही' असं सांगण्याची खूण झाली.

आधी वस्तूच बघू. जपानीत तिला बोकुतो म्हणतात, जपानबाहेर बोक्केन हे नाव जास्त रुळलंय. लांबी साधारण १०२ सेंटिमीटर, वजन पाचशे-सहाशे ग्रॅम. काताना या पोलादी सामुराई तलवारीसारखाच बाक, धारेची बाजू निमुळती, पाठ थोडी जाड. लाकूड बहुतेकदा जपानी लाल किंवा पांढऱ्या ओकचं, आपल्या सागापेक्षा चांगलंच जड आणि चिवट. लोकाट फळाच्या झाडाचं लाकूड वापरून केलेल्या तलवारींनाही मान आहे. आज जपानातल्या बहुतेक लाकडी तलवारी क्यूशू बेटावरच्या मियाकोनोजो या एकाच शहरात घडतात. फळीवर आकार आखून, कापून, रंधा मारमारून बाक आणि कड काढायची. लाकडाच्या रेषा मुठीपासून टोकापर्यंत सलग गेल्या पाहिजेत. मधेच आडव्या कापल्या गेल्या तर तलवार पहिल्या जोरदार टकरीतच तिथे मोडते.

आता तिच्या कर्तृत्वाकडे. प्रसिद्ध तलवारबाज मियामोतो मुसाशी १६४५ मध्ये वारला. त्याचा दत्तक मुलगा इओरी याने १६५४ मध्ये कोकुरा गावाजवळ त्याच्या स्मरणार्थ एक मोठी शिळा उभारली आणि तिच्यावर बापाची कामगिरी कोरून घेतली. त्यात क्योतोच्या योशिओका घराण्याशी झालेल्या लढतींचं वर्णन आहे. घराण्याचा प्रमुख सेइजुरो याला मुसाशीने लाकडी तलवारीच्या एका फटक्यात आडवा केला. एकाच फटक्याचा करार आधी झाला होता, म्हणून तो वाचला. शिष्यांनी त्याला फळीवर घालून नेलं. पुढे बरा झाल्यावर त्याने तलवार सोडली आणि डोकं भादरून संन्यास घेतला. मग त्याचा भाऊ देनशिचिरो सूड घ्यायला आला. त्याने आणलं काय, तर पाच शाकूंहून लांब, म्हणजे दीड मीटरच्या वर जाणारी लाकडी तलवार. मुसाशीने तीच त्याच्या हातून हिसकावली आणि त्याला तिनेच हाणली. देनशिचिरो जागच्या जागी मेला.

हा मजकूर लेकाने बापाच्या गौरवासाठी कोरलेला आहे, तेव्हा थोडं मीठ-मसाला धरून चालू. पण देनशिचिरो हा सूड घ्यायला निघालेला माणूस आहे. त्याच्या घरी पोलादाची वानवा नव्हती. तरीही तो लाकूड घेऊन येतो, आणि शिळा वाचणाऱ्या सतराव्या शतकातल्या कुणालाही त्यात काही विचित्र वाटणार नाही, हे लिहिणाऱ्याने गृहीत धरलंय. लाकडी तलवार हे जीव घेण्याचं साधन आहे, ही गोष्ट त्या काळात समजावून सांगावी लागत नव्हती.

मुसाशीची सगळ्यात गाजलेली लढत १६१२ सालची. होन्शू आणि क्यूशू यांच्यामधल्या सामुद्रधुनीत शिमोनोसेकीजवळ गानर्यूजिमा नावाचं पिटुकलं बेट आहे, तिथे ती झाली. समोर सासाकी कोजिरो. त्याच्या लांबलचक तलवारीला लोक कपडे वाळत घालायची काठी म्हणत. मुसाशी म्हणे मुद्दाम उशिरा आला आणि होडीतल्या होडीत वल्हं तासून त्याने लाकडी तलवार बनवली. कोजिरोने तलवार उपसून म्यान फेकलं, तेव्हा 'तू हरलास' असं त्याने सुनावलं, आणि एका फटक्यात कवटी फोडली. वल्ह्याची ही गोष्ट 'नितेनकी' या १७७६ मधल्या चरित्रात आहे. ते लढतीनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी तयार झालं. कोकुऱ्याच्या शिळेवर लाकडी शस्त्र आहे, वल्हं नाही. मुसाशीने स्वतः 'गोरिन नो शो' या ग्रंथात या लढतीचा उल्लेखही केलेला नाही. वल्हं घराघरांत पोचवलं ते एइजी योशिकावा यांच्या 'मुसाशी' या कादंबरीने. ती १९३५ ते १९३९ अशी चार वर्षं 'आसाही शिंबुन' या वर्तमानपत्रात क्रमशः येत होती. पुढे हिरोशी इनागाकी यांच्या चित्रत्रयीत (१९५४ ते १९५६) तोशिरो मिफुनेने मुसाशी रंगवला, आणि १९९८ पासून ताकेहिको इनोउए यांच्या 'वॅगाबाँड' या मांगाने नव्या पिढीला तो दिला.

पण वल्हं असो की दुसरं काही, लाकूडच का? दया आली म्हणून नक्कीच नाही. कोजिरोचं पातं लांब होतं, तर मुसाशीला त्याहून लांब काहीतरी हवं होतं. पोलादाची तलवार लांबवली की ती जड होते, मुद्दाम घडवून घ्यावी लागते आणि फिरवताना हात ओढते. लाकूड हवं तितकं लांब ठेवा, हलकं राहतं. समोरच्याने आयुष्यभर जे अंतर मोजायची सवय केली ते अंतरच चुकवायचं, असा हा सगळा डाव होता.

आता लाकूड पोलादाला भारी कसं पडू शकतं ते बघू. काताना कापते, पण कापण्यासाठी धार आणि घावाची दिशा एका रेषेत यावी लागते. हात किंचित तिरका झाला की पातं घसरतं, प्रसंगी वाकतंही. हे जमायला वर्षं जातात, आणि घाबरलेल्या माणसाला शिकलेलंही जमत नाही. लाकडाला धारच नाही, त्यामुळे तिरका बसला तरी फटका तो फटकाच. वजन पोलादी तलवारीच्या जवळपास निम्मं, म्हणून टोक झपकन येतं. कड निमुळती, म्हणून सगळा जोर बोटभर रुंदीच्या पट्टीवर पडतो. खाली कातडीला लागून हाड असेल, म्हणजे कवटी, गळपट्टीचं हाड, मनगट, बोटं, नडगी, तर ते मोडतं. जाड कपड्यांचे थर धार अडवतात, हा मार अडवत नाहीत. शिवाय द्वंद्वात मनगट मोडलं की तलवार गळून पडते आणि पुढचं सांगायला नको.

लाकडाचा कमकुवतपणाही तितकाच खरा. पोलादी धारेवर लाकूड आडवं धरून वार अडवत बसलात तर दोन-चार टकरींत त्याच्या ढलप्या निघतील. म्हणून लाकूडवाल्याला एकच मार्ग उरतो: पात्याला पातं भिडू न देता आधी पोचायचं. कथांमध्ये हटकून चुकतं ते इथेच. नायक लाकडाने पोलाद खणाखण अडवत राहतो, लाकडावर ओरखडा नाही! मुसाशीच्या लढतींत असं काही घडत नाही. एक फटका, खेळ खलास.

सात्सुमा प्रांतातल्या, म्हणजे आजच्या कागोशिमाच्या, जिगेन पंथाने तर हाच विचार टोकाला नेला. सराव रंधलेल्या तलवारीने नाही, सालीसकट तोडलेल्या कडक लाकडाच्या दांडक्याने करायचा. जमिनीत पुरलेल्या खांबावर धावत जाऊन, ओरडत, घाव घालत सुटायचं. सकाळी ३०००, संध्याकाळी ८००० हा तिथला परंपरेने सांगितला जाणारा आकडा. बचाव फारसा शिकवायचा नाही, कारण पहिलाच घाव शेवटचा असला पाहिजे.

लाकडी तलवार किती घातक होती याचा सगळ्यात भक्कम पुरावा लढायांत नाही, तालमीत आहे. ती निरुपद्रवी असती तर तिला पर्याय शोधायची गरज कुणाला पडली असती? बोकुतोने दोघांनी मोकळेपणी झुंजायचं म्हणजे कुणाचं तरी हाड मोडणार, म्हणून सराव ठरावीक हालचालींच्या जोडीने करायच्या संचांत, म्हणजे कातामध्ये, बांधलेला असे. फटका अंगापासून बोटभर अंतरावर थांबवायचा. सोळाव्या शतकात कामिइझुमी नोबुत्सुना या गुरूच्या नावावर फुकुरो शिनाई सांगितली जाते. बांबू उभा चिरून चामड्याच्या पिशवीत घातलेली ही तलवार लागली तर चटका बसतो, हाड वाचतं. अठराव्या शतकात नागानुमा आणि नाकानिशी या गुरूंच्या तालमींनी मुखवटा, छातीचं कवच, हातमोजे आणि बांबूच्या चार पट्ट्यांची शिनाई रूढ केली. आजचा केंदो खेळ त्यातून आला. त्यात स्पर्धा शिनाईने होते. बोकुतो मात्र मुख्यतः १९१२ मध्ये ठरवलेल्या दहा कातांपुरती राहिली आहे, आणि तिथेही ती सांभाळूनच चालवतात.

आपल्याकडच्या मर्दानी खेळांनी हेच कोडं जवळजवळ याच पद्धतीने सोडवलंय. फरीगदग्यातला गदगा म्हणजे चामडं मढवलेली काठी आणि फरी म्हणजे छोटी ढाल. पट्टा किंवा तलवार हातात देण्याआधी पोराचे हात-पाय फरीगदग्यावर बसवायचे. कामिइझुमीची चामडी पिशवी आणि कोल्हापूरच्या तालमीतला गदगा यांची एकमेकांशी ओळख असण्याचं कारण नाही. शिकवताना शिष्य जायबंदी होऊ नये, ही गरज मात्र दोन्हीकडे सारखीच.

रोमन लोकांनी उलटं केलं होतं. व्हेजेशियस हा लेखक सांगतो की नव्या सैनिकांना सरावासाठी खऱ्या तलवारीच्या दुप्पट वजनाची लाकडी तलवार द्यायचे आणि पुरलेल्या खांबावर घाव घालायला लावायचे, म्हणजे नंतर खरी तलवार हातात पिसासारखी वाटावी. त्याच रोममध्ये ग्लॅडिएटरला मुक्त करताना त्याच्या हातात लाकडी तलवार ठेवत. इसवी सन ८० मध्ये कलोसियमच्या उद्घाटनाच्या खेळांत प्रिस्कस आणि व्हेरस हे दोघे बरोबरीत लढले, आणि दोघांनाही ती मिळाली. मारण्यातून सुटका झाल्याची ती सनद होती. हा अर्थ जपानी कथाकारांना सुचायला मात्र बराच काळ जावा लागला.

त्याची एक पायरी अकिरा कुरोसावांच्या 'सेव्हन सामुराई'मध्ये (१९५४) दिसते. क्यूझो आणि एक आडदांड सामुराई बांबूच्या काठ्यांनी खेळतात. दोघांचे फटके एकदमच पडल्यासारखे दिसतात. आडदांड म्हणतो, बरोबरी झाली. क्यूझो शांतपणे सांगतो, मी जिंकलो, खरी तलवार असती तर तू मेला असतास. तो भडकतो आणि खऱ्या तलवारी काढायला लावतो. पुन्हा तेच पवित्रे, तोच क्षण, आणि आडदांड कोसळतो. यग्यू जुबेई या तलवारबाजाबद्दलही अशीच गोष्ट सांगतात. इथे काठी खरं बोलते आणि ते ऐकून न घेणारा मरतो. लाकूड म्हणजे शेवटची दिलेली संधी, हा अर्थ त्यात आला. माझ्या मते लाकडी शस्त्रावर पडद्यावर याहून चांगलं काही झालेलं नाही, आणि अख्खा प्रसंग काही मिनिटांचा आहे.

पुढचं काम कायद्याने केलं. १८७६ मध्ये मेइजी सरकारने लष्कर, पोलीस असे अपवाद सोडून सगळ्यांना तलवार बाळगून फिरायची बंदी केली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५८ मध्ये, बंदुका-तलवारींवर नवा कडक कायदा आला. त्यामुळे आजच्या जपानात घडणाऱ्या गोष्टीतल्या शाळकरी नायकाच्या कमरेला पोलाद लटकवलं तर पहिल्याच पानावर पोलीस यायला हवेत. शाळेच्या केंदो क्लबात मात्र शिनाई आणि बोकुतो सहज मिळते. म्हणून मांगात गल्लीतला दादा बोकुतो खांद्यावर टाकून हिंडतो, क्लबचा कॅप्टन ती मिरवतो. रुमिको ताकाहाशींच्या 'रान्मा ½'मधला कुनो तातेवाकी हा त्याचा विनोदी कळस: बोलणं जुन्या सामुराईचं, हातात बोकुतो आणि वाट्याला कायम मार. त्यात भर मुलांच्या साप्ताहिकांची. दर आठवड्याला हाणामारी हवी, पण नायकाने दर आठवड्याला मुडदे पाडून चालत नाही. लाकडी तलवारीने शंभर जण लोळवले तरी सगळे कण्हत उठून घरी जाऊ शकतात.

नोबुहिरो वात्सुकी यांच्या 'रुरोनी केनशिन'ने (१९९४ ते १९९९) ही सोय नीट विचार करून वापरली. कथा १८७८ मध्ये, बंदीनंतर दोन वर्षांनी सुरू होते. एकेकाळचा मारेकरी केनशिन आता उलट्या धारेची तलवार वापरतो, म्हणजे पोलादाचीच बोकुतो म्हणा ना. त्याला आसरा देणारी काओरू आपल्या तालमीत लाकूड आणि बांबूवर माणसं वाचवणारी विद्या शिकवते. केनशिन तिला जवळपास पहिल्याच भेटीत सांगतो की तलवार हे मारण्याचंच हत्यार आहे, तुझं म्हणणं गोड स्वप्न आहे, पण मला ते स्वप्न जास्त आवडतं. लाकडाचा नवा अर्थ इतक्या उघडपणे क्वचितच मांडला गेलाय. हा लेखक निदान स्वप्नाला स्वप्न म्हणतो.

बाकीच्यांचं काय? निन्टेन्डोच्या 'द लेजंड ऑफ झेल्डा'मध्ये (१९८६) सुरुवातीलाच एक म्हातारा गुहेत लाकडी तलवार देतो. ती सगळ्यात कमजोर, पण नायकाची तब्येत पूर्ण ठणठणीत असेल तर तिच्यातूनही किरण सुटतो. गेममध्ये हे चालून जातं. जॉर्ज मार्टिन यांनी 'अ गेम ऑफ थ्रोन्स' कादंबरीत (१९९६) मात्र हात आखडता घेतला, आणि बरं केलं. आर्या या मुलीचा तलवारगुरू सिरिओ सरावाच्या लाकडी तलवारीने पाच पहारेकऱ्यांना जमिनीवर आणतो. मग पुढे येतो नखशिखान्त पोलादी चिलखतातला सरदार, आणि लाकडाचे तुकडे होतात. नाचता येईना अंगण वाकडे, याच्या उलट्या टोकाला हे गुरू उभे असतात. कुठल्याही अंगणात नाचून दाखवतात. पण अंगणाला खड्डा असू शकतो, हे सांगणारा लेखक विरळा.

या साऱ्या परंपरेवर उलटा वार करणारा चित्रपट म्हणजे मासाकी कोबायाशींचा 'हाराकिरी' (१९६२). बेकार, कफल्लक तरुण सामुराई मोतोमे सरदाराच्या वाड्यात येऊन सेप्पुकू, म्हणजे पोट चिरून आत्महत्या, करू द्या म्हणतो. मनात आशा ही की चार पैसे देऊन हाकलतील. वाड्यातले लोक त्याला धडा शिकवायचं ठरवतात. त्याच्या म्यानातून निघतं बांबूचं पातं. आजारी बायको-मुलासाठी त्याने पोलाद केव्हाच विकलंय. तुझ्याच हत्याराने पोट चीर, असा हुकूम होतो. तो प्रसंग मोठ्या माणसांनाही बघवत नाही. बाकीच्या कथा लाकडात प्रतिष्ठा भरत असताना कोबायाशी दाखवतात की म्यानात लाकूड असण्याचं खरं कारण बहुधा गरिबी असे.

हिदेआकी सोराची यांच्या 'गिंतामा'त (२००३ ते २०१९) गरिबी आणि प्रतिष्ठा दोन्ही एकत्र येतात, आणि वर थट्टा. एदोवर, म्हणजे जुन्या तोक्योवर, परग्रहवासीयांनी कब्जा केलाय, सामुराईंच्या तलवारी काढून घेतल्यात. नायक गिंतोकी घरभाडं थकवणारा, गोड खाण्यापायी बदनाम. त्याच्या लाकडी तलवारीच्या मुठीवर 'तोयाको' असं कोरलेलं आहे. वाचकाला वाटतं, काही गूढ असणार. ते होक्काइदोमधल्या एका तळ्याचं नाव आहे, २००८ मध्ये जी-८ परिषद भरली होती तेच. तलवार टीव्हीवरच्या जाहिरातीतून मागवलेली, मोडली की दुसरी मागवायची. पुढे एकदा त्या तलवारीतला पुण्यात्मा स्वप्नात येऊन गुप्त डाव शिकवतो म्हणतो, तर गिंतोकी त्यालाच वैतागतो.

जपानी वाचकाला यात आणखी एक टोमणा कळतो. सहलीच्या ठिकाणी लाकडी तलवारी विकणं ही तिथली जुनी रीत. आइझू-वाकामात्सूला १८६८ च्या लढाईत आत्महत्या केलेल्या ब्याक्कोताई या तुकडीतल्या पोरांच्या आठवणीसाठी त्या विकतात. शाळेच्या सहलीतली मुलं विकत घेतात, बसमध्ये एकमेकांना हाणतात, मास्तर जप्त करतात. गिंतोकीचं अजिंक्य शस्त्र याच जातीचं. तोयाको तळ्याकाठच्या दुकानांत गावाचं नाव कोरलेल्या तलवारी मालिकेच्या आधीपासून होत्या. आता मालिकेचे चाहते लांबून येऊन त्या घेऊन जातात, आणि दुकानदार विचारल्यास टपालानेही पाठवतात.